खोक्यावरचा दिवा

विमानाने जाणाऱ्या ज्वालाग्राही मालाच्या खोक्यावर जे लेबल लावतात, त्याची बाजू शंभर मिलीमीटर असावी लागते. आकार चौकोनी, पण एका कोपऱ्यावर उभा केलेला. रंग लाल, वरच्या भागात पांढरी ज्योत, खालच्या टोकाला तीनचा आकडा. बाजू नव्वद मिलीमीटर भरली तर माल घेत नाहीत. हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि फार बरं वाटलं. कुणीतरी बसून इतकं नेमकं लिहून ठेवलंय, आणि ते पाळणं आता माझं काम आहे! घरात माझ्या या स्वभावाचं कौतुक कधी झालं नव्हतं. मसाल्याच्या डब्यांवर मी भरल्याची तारीख आणि वजन लिहायचो, तेव्हा बायको म्हणायची, "तिखट संपलं की मला कळतं हो. त्याला तारीख लागत नाही."

मी तेव्हा पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात डिस्पॅच बघत होतो. कारखाना म्हणजे दोन जोडगाळे. शेठ पनवेलचेच कोकणी मुसलमान, गावात अत्तराचं जुनं दुकान. दुकान चालवता चालवता त्यांनी साबणवाल्यांना आणि उदबत्तीवाल्यांना लागणारी सुगंधी मिश्रणं बनवायला घेतली होती. एका गाळ्यात मिश्रण व्हायचं, दुसऱ्यात पॅकिंग. पॅकिंगला पाच बायका होत्या, सगळ्या शिरढोणच्या बाजूच्या गावांतून येणाऱ्या. त्यांतल्या सगळ्यात मोठीला सगळे मावशी म्हणत. मीही म्हणायचो, खरं तर ती माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी होती. ती मला भाऊ म्हणायची.

२०१३ च्या पावसाळ्यानंतर दुबईच्या एका व्यापाऱ्याची मागणी आली. मूळचा तो उरणकडचा, शेठच्या ओळखीतला. महिन्याला वीस खोकी, विमानाने. पहिला माल वेळेवर आणि धड पोचला तर पुढे दर महिन्याला. आतापर्यंत आमचा माल ट्रकने जायचा, खोक्यावर नाव-पत्ता टाकला की झालं. विमानाचं तसं नाही. आमच्या मिश्रणात अल्कोहोल, म्हणजे पेट घेणारा माल. असला माल कुणी बांधायचा, त्यावर काय लिहायचं, काय चिकटवायचं, याचं एक जाडजूड पुस्तक आहे आणि ते दर वर्षी नवीन निघतं. प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालेल्या माणसाचीच सही कागदावर चालते.

माल विमानात चढवून देणारा मुंबईचा एजंट शेठना म्हणाला, "तुम्ही फक्त ड्रम पाठवा. बाटल्या भरणं, खोकी, लेबलं, सगळं आमच्याकडे." तसं झालं असतं तर पॅकिंगचा गाळा बंद. हे शेठना कळत होतं, मला कळत होतं, आणि दारात चहाचे ग्लास घेऊन उभ्या असलेल्या मावशीलाही कळलं असावं, कारण ती ग्लास न ठेवताच परत गेली.

मी म्हणालो, "शेठ, परीक्षा मी देतो."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, इंग्रजी पुस्तक आहे. एवढं जाड."

"आकडेच असतील ना त्यात?"

"आकडेच आहेत."

"मग देतो."

पाच दिवसांचा वर्ग होता. बाकी सगळे पंचविशीतले. रात्री जेवण झालं की मी घरी डायनिंग टेबलावर पुस्तक उघडून बसायचो. एकदा बायको भांडी विसळताना म्हणाली, "मलापण एक लेबल लावून ठेवा. ज्वालाग्राही म्हणून." मी म्हणालो, तुझा वर्ग कोणता ते बघावं लागेल. पास व्हायला ऐंशी टक्के लागत होते. मला शहाण्णव मिळाले. गेलेले चार कुठे गेले हे मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारून घेतलं.

आता आमचं खोकं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. एका खोक्यात एक लिटरच्या बारा ॲल्युमिनियमच्या बाटल्या. खोकं साधं चालत नाही, चाचणी झालेलंच लागतं, आणि किती वजनापर्यंत ते टिकतं याचा संकेत खोकं बनवणाराच त्यावर छापून देतो. आमच्या खोक्याला अठरा किलोची मर्यादा होती; आमचं भरलेलं खोकं तेरा किलो सहाशे वीस ग्रॅम. मग बाहेरून मालाचं ठरलेलं नाव, त्याचा ठरलेला क्रमांक १२६६ आणि त्याआधी यूएन ही अक्षरं, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता. ज्योतीचं लाल लेबल नावाच्याच बाजूला, आणि ते कडेवरून दुमडलेलं नको. वरची बाजू दाखवणाऱ्या बाणांची दोन लेबलं, समोरासमोरच्या दोन बाजूंवर. चिकटपट्टी यातल्या कशावरही जायला नको. असे मी अकरा मुद्दे काढले होते. विमानतळाच्या कार्गोत तपासणारा माणूस पन्नासहून अधिक प्रश्नांचा कागद घेऊन उभा असतो. एका प्रश्नाला जरी 'नाही' आलं तरी माल परत.

डिसेंबरात पहिली वीस खोकी तयार झाली. मी प्रत्येकाचे अकरा मुद्दे तपासले. वीस गुणिले अकरा, दोनशे वीस टिका वहीत केल्या. सकाळी नऊ वाजता इनव्हॉइसवर शेठची सही घ्यायला गावातल्या दुकानात गेलो आणि परस्पर कागद घेऊन एजंटच्या माणसाला भेटलो. टेम्पो माझ्या मागे भरला गेला.

दुपारी तीनला फोन आला. माल नाकारला. कारण: गळतीचा संशय.

दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस खोकी परत आली. त्यांच्यामागोमाग शेठ आले. लाल लेबलांवरून वाळलेले गडद तांबडे ओघळ खाली तीनच्या आकड्यापर्यंत आले होते. शेठ एका खोक्याजवळ वाकले.

"वीसच्या वीस गळली?"

"एकही गळलेलं नाही शेठ."

"मग हे काय आहे, रूहअफजा?"

ते सरळ झाले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे गाळ्यात सगळ्यांना नीट ऐकू गेलं. "भाऊ, एकदा झालं, मी काही बोलत नाही. दुबईवाल्याची मी मिन्नत केलीय, तो जानेवारीपर्यंत थांबतो म्हणाला. तेव्हा परत आला तर पॅकिंग एजंटकडे. मग ही खोली ठेवून मी काय लोणचं घालू?"

ते गेल्यावर पाच बायकांपैकी कुणीही काही बोललं नाही. मला सगळ्यात जास्त ते लागलं. एरवी त्या गाळ्यात रेडिओची गरज नसायची.

मी वजनकाटा ओढला. हा काटा मी दिवाळीत कळंबोलीच्या लोखंडबाजारातल्या एका ओळखीच्या दुकानातून प्रमाणित वजनं आणून पडताळला होता, त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास होता. पाठवण्याआधीची वीस वजनं वहीत होतीच. एकेक खोकं पुन्हा चढवलं. जास्तीत जास्त फरक दहा ग्रॅम, आणि दहा ग्रॅमच्या खाली तो काटा वाचतच नाही. म्हणजे गळती नाही. हे सिद्ध झालं, पण ओघळ कुठून आला ते नाही.

मग मी खोकी ओळीत लावली आणि नुसता बघत बसलो. तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक ओघळ एकाच जागेवरून सुरू होतोय, ज्योतीच्या टोकावरून. गळती वीस खोक्यांत नेमकी एकाच जागी होत नाही. मी रुमाल ओला करून एका डागावर फिरवला. रुमालाला अत्तराचा वास नाही. मधे लाल आणि कडेने पिवळं.

"मावशी," मी हाक मारली, "खोक्यांना हळदकुंकू कुणी लावलं?"

"मीच लावलं," ती म्हणाली. लपवण्यासारखं त्यात काही होतं असं तिला वाटलंच नव्हतं. "पयल्यांदा आपला माल इमानात बसतोय. आन तुमीच तर येवढा दिवा काढलाय सगल्यांवर."

"दिवा?"

"ह्यो." तिने ज्योतीवर बोट ठेवलं. "मी म्हनलं, भाऊंनी शुभाचा म्हनून दिवा छापून आनलाय. दिव्याला हलदकुकू लावल्याबिगर कसा धाडायचा? सुकं कुकू गलून जातं म्हनून पान्यात कालवून लावलं."

मी तिला सांगितलं की हा दिवा नाही, ही आग आहे. आतला माल पेटू शकतो एवढंच ते चित्र सांगतं.

"आग बी देवच हाय की."

माझ्या पुस्तकात नऊ वर्ग होते, देवाचा त्यात नव्हता.

"आन खाली तीन कशापायी?"

"वर्ग तिसरा."

"तिसरीतला दिवा!" मागून सगळ्यात लहान पोर म्हणाली आणि दोन दिवसांत प्रथमच त्या हसल्या. मावशी हसली नाही. तिला आता कळलं होतं. ती खाली बसली. "म्हंजी माज्या बोटानं माल परत आला," ती म्हणाली. "आता ह्या पोरींनी जायचं कुटं?"

मी तिला खोटा धीर दिला नाही. मला तो देता येत नाही. मी म्हणालो, "मावशी, बाहेरच्या बाजूला ठरलेल्यापलीकडे काहीही दिसायला नको. एवढाच नियम आहे."

तिने खोक्याच्या झाकणावर बोट टेकवलं. "मंग आत?"

मी पुस्तक काढलं. तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग आधीचाही वाचला. झाकणाच्या आतल्या बाजूला सुक्या कुंकवाचं बोट लावू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. शेठना मी त्याच दिवशी दुकानात जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते अत्तराच्या कुपीचं बूच लावता लावता थांबले. "माल माझा, दुआ तिची," ते म्हणाले, "पण लेबल त्यांचं. लेबलाला हात नको. आत काय करायचं ते करा."

जुनी लेबलं काढताना पुठ्ठ्याची साल निघत होती, म्हणून वीस नवी खोकी मागवली. ती येईपर्यंत आठ दिवस होते. चहानंतरचा अर्धा तास मी बायकांना ते अकरा मुद्दे शिकवायला घेतले. इंग्रजी अक्षरं एकीलाच वाचता येत होती, पण मोबाइलमुळे आकडे पाचही जणींना यायचे, आणि अक्षरं न वाचताही दोन छाप सारखे आहेत की नाहीत हे त्यांना माझ्याहून लवकर दिसायचं. ज्या खोक्यावर काहीतरी राहून गेलंय त्याला मावशीने नाव ठेवलं, मुकं खोकं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, तुमी एकेक खोकं घेऊन त्याचं अकराच्या अकरा बघता. पंधराव्या खोक्याला डोला शिनत नाय?"

"म्हणजे कसं करायचं?"

"भाताच्या लावनीला कसं, एकीनं आपलीच वल धरायची. दुसरीच्या वलीत बघायचं नाय. एकीला दोनच गोष्टी द्या. तिनं त्या वीसच्या वीस खोक्यांवर बघायच्या."

मी हिशेब केला. पाच बायका, प्रत्येकी दोन मुद्दे, दहा. अकरावा मुद्दा वजन, ते माझ्याकडे. अगदी बरोबर बसलं. इतकं बरोबर बसलेलं गणित मला त्या महिन्यात दुसरं दिसलं नव्हतं. लेबल शंभर मिलीमीटर आहे की नाही हे बघायला मी जाड पुठ्ठ्याची चौकट कापून दिली. ती लेबलावर ठेवायची, लाल रंग चौकटीच्या कडेपर्यंत भरला की झालं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माल निघायचा होता. त्या सकाळी मी दुकानात गेलो नाही, इनव्हॉइसवर आदल्या दिवशीच सही घेऊन ठेवली. खोकी बंद करण्याआधी मावशीने प्रत्येक झाकणाच्या आत सुक्या हळदीकुंकवाचं एकेक बोट लावलं आणि हात धुऊन, पदराला पुसून, मला दाखवले. दोन्ही बाजूंनी. मग चिकटपट्टी. मी सवयीने सगळी खोकी आधी स्वतः तपासली, दोनशे वीस टिका केल्या. त्यानंतर पाच जणी आपापली ओळ धरून निघाल्या.

सतराव्या खोक्याशी बाणवाली थांबली. "मावशे, ह्ये मुकं हाय."

बाणाची दोन्ही लेबलं होती, पण समोरासमोर नव्हती. शेजारशेजारच्या बाजूंवर लागली होती.

मावशीने माझी वही उघडली, सतरावी ओळ शोधली आणि बोट ठेवलं. "भाऊ, तुमी तर टीक केलीय की हो हितं."

केली होती. निळ्या पेनाने, ठसठशीत. पाची जणी वहीभोवती जमल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी ती टीक खोडली, शेजारी सही केली आणि नवीन लेबल आणायला गेलो. मागे काय चाललं होतं ते सांगायला नको. एवढं हसू त्या खोलीत डिसेंबरनंतर झालं नव्हतं, आणि ते माझ्यावर होतं, तरी मला चाललं.

टेम्पोत मी ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. कार्गोत तपासायला एक तरुण मुलगा होता, सव्वीस-सत्तावीसचा, शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी. हे मला आवडलं. तो कागदावरचे प्रश्न क्रमाने घेत होता, प्रत्येक खोक्याभोवती फिरत होता. गळती नाही, फाटलेलं नाही, वजन मर्यादेत. मग तो यूएन १२६६ या छापाशी थांबला, पट्टी काढली आणि अक्षरांची उंची मोजली.

"आठ मिलीमीटर," तो म्हणाला. "बारा पाहिजेत. नवीन वर्षापासून सक्तीचं आहे."

त्याचं पेन 'नाही'च्या चौकोनाकडे निघालं होतं. माझ्या डोळ्यांसमोर पॅकिंगची खोली आली, तिथे ओळीने मांडलेल्या लोणच्याच्या बरण्यांसकट.

"एक मिनिट," मी म्हणालो. "बारा मिलीमीटर तीस लिटरच्या वरच्या खोक्याला. पाच ते तीसच्या मधल्याला सहा पुरतात. आमचं बारा लिटरचं आहे. सहा पाहिजेत, आम्ही आठ केलेत."

"बाराच आहेत, काका."

"पुस्तक आहे ना तुमच्याकडे? नवीन?"

पुस्तक टेबलावरच होतं. पान मला पाठ होतं, पण मी त्यालाच शोधू दिलं. त्याने बोट ठेवून वाचलं, पुढचं वाक्य वाचलं, पुन्हा मागचं वाचलं. मग कागदाकडे वळला आणि 'होय'च्या चौकोनात टीक केली. टीक करताना त्याने मान हलवली. "तुम्ही हे पुस्तक वाचलंय?"

"दोनदा."

तो हसला आणि उरलेले प्रश्न उरकले. सगळे 'होय'. शेवटी शिक्का उचलला आणि तो हवेतच धरून थांबला. "डिसेंबरात तो गळतीचा माल आला होता, पनवेलचा. तुमचाच ना?"

"आमचाच. पण गळती नव्हती. हळदकुंकू होतं."

"काय?"

मी त्याला दिव्याची गोष्ट सांगितली, थोडक्यात. त्याने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून ती पुन्हा सांगायला लावली. दोघं हसून झाल्यावर तो एकदम गंभीर झाला. "या वेळी लावलं नाही ना कुठे?"

खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. "लावलंय. झाकणाच्या आतून. सुकं. आतल्या बाजूला मनाई असेल तर पान दाखवा."

त्याने पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

बाहेर येऊन मी मावशीच्या मोबाइलवर फोन लावला. तिने "हॅलो"च्या जागी "घेतला?" असंच विचारलं.

"वीसच्या वीस."

पलीकडून पुढचा अर्धा मिनिट मला काहीही समजलं नाही. एवढ्या बायका एका फोनवर एकदम बोलत असतील तर समजत नाही. टेम्पोच्या ड्रायव्हरला मी वाटेत मिसळ खाऊ घातली आणि स्वतः दोन पाव जास्त घेतले. मी मोजून खाणारा माणूस आहे, पण त्या दिवशी घेतले.

चार दिवसांनी शेठ सकाळीच गाळ्यावर आले. हातात मिठाईचा मोठा पुडा. पुडा त्यांनी माझ्याकडे न देता थेट मावशीकडे दिला. "दुबईहून फोन होता," ते म्हणाले. "माल पोचला. त्याने झाकण उघडलं, तर आत बोटभर पिवळं-लाल. मला विचारतो, हे बांधतं कोण? मी म्हटलं, आमच्या गावच्या बायका. म्हणाला, उरणला आमची शेजारीण नवा माठ आणला की त्याला असंच बोट लावायची. पॅकिंग कुठे हलवू नका, म्हणाला. दर महिन्याला वीस."

मावशीने पदर सारखा केला. "मंग लोनचं?" तिने विचारलं.

शेठना आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ते मान मागे टाकून हसले.

त्यानंतर मी तिथे आणखी दोन वर्षं आठ महिने होतो. बत्तीस वेळा माल गेला. एकदाही परत आला नाही. बत्तिसाच्या बत्तीस कागदांच्या प्रती माझ्याकडे घरी आहेत, तारखेप्रमाणे लावलेल्या, आणि बायको त्यांना हात लावत नाही.

पहिला माल पोचला त्याच महिन्यात शेठनी पॅकिंगच्या खोलीत दुसरा पंखा बसवला. वायरमन चालू करायला गेला तर मावशी म्हणाली, थांब जरा. बटणाला तिने हळदकुंकवाचं बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. तिथे माझा काही नियम नव्हता.